टाकीत काय टाकायचं ते काका सांगतील

नांदेड, १९ एप्रिल २०२६

चि. मृण्मयीस अ. उ. आ.
(अनेक उत्तम आशीर्वाद. बाबांना विचारून लिहिलंय, न्हाईतर मी ‘हाय मृनू’ लिहिलं असतं.)

तर तो वास डिझेलचाच होता. तुमच्या रेक्टर दानम्मा मॅडमनी होस्टेलचा फोन ठेवायला लावला तेव्हा मी त्याच गोष्टीवर आलो होतो, आणि तू तिकडून म्हणून राहिली होतीस की आपली गाडी पेट्रोलची हाय, तिच्यात डिझेल कुठून येईल. तेच तर सांगायचं होतं. मोबाईल तुमचे जमा, फोनला मागं पोरींची रांग, म्हणून म्हणलं पत्रच बरं. इथं कोणी कट करत न्हाई.

झालं असं. फेब्रुवारीपासून व्हॅन अंगणात ताडपत्रीखाली उभी हाय. काल मी खाली घुसलो आणि टाकी बादलीत रिकामी केली. पेट्रोल हाताला गार लागतं आणि उडून जातं. हे उडेचना. बोटं तेलकट झाली. साबणानं धुऊन जेवायला बसलो तरी आई म्हणाली, ट्रॅक्टरचा वास कायला येऊन राहिलाय.

मग मी सटवाजीला गाठलं, दयानंद काकांचा ट्रॅक्टर चालवतो तो. नायगावहून हळद घेऊन मोंढ्यात आला होता. चहा पाजला, भजे चारले. लई वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, दादा, माझं नाव घेऊ नका. उज्वलाताईच्या, स्वतःच्या लेकीच्या लग्नाच्या सकाळी काकांनीच त्याला ट्रॅक्टरचं कॅन आणि नरसाळं आणायला लावलं. त्यानं विचारलं होतं म्हणे की मालक, ही पेट्रोलची तर न्हाई. काका म्हणाले, एवढं मोठं धूड कुठं पेट्रोलवर चालत असतं का, वत. बाबांनी चावी देताना तोंडानं सांगितलं होतं की पेट्रोल हाय, मी बाजूला उभा होतो. काका हाव हाव म्हणाले होते. त्यांना कोणी काही सांगितलं की हाव हावच म्हणतेत.

पुढचं तुला माहितंय, तू करवली म्हणून आतच बसली होतीस. मारुतीच्या देवळापासून मंडपाकडं निघालेला नवरदेव, वाजंत्री, आणि मधेच गाडी खोकून, धूर सोडून बंद. नवरदेव कोणाच्या तरी बुलेटवर मागं बसून मंडपात आला. उज्वलाताईच्या सासूबाई, सिंधुबाई, त्यांचं तोंड तेव्हापासून वाकडं ते वाकडंच. आणि काकांनी माईक घेऊन सगळ्या वऱ्हाडाला सांगितलं की माफी असावी, आमच्या भावाचं आफ्रिकेचं भंगार दगा देऊन गेलं. लोक हसले. बाबा तिथंच उभे होते, मुठीत अक्षता. वर काका मला म्हणाले, इंग्लिश मिडियम झालं, विष्णुपुरीच्या कॉलेजात मेकॅनिकल झालं, आता ढकल.

मी ढकलली. ते मी विसरत न्हाई.

आता खरी बातमी. परवा काका घरी आले आणि सोबत भंगारवाला. त्यानं बॉनेटवर म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. काका बाबांना म्हणाले, धोंड्याचा महिना झाला की हा येऊन उचलून नेईल, अंगण मोकळं होईल. आणि बाबा हाव म्हणाले, मृनू. केनियाच्या साखर कारखान्यात बारा वर्षं काढून बाबांनी एकच गोष्ट स्वतःसाठी आणली, ही व्हॅन. तिच्यात आपण झोपलो, उलट्या केल्या, भांडलो. आणि बाबा वाद न घालता हाव म्हणाले.

मी मात्र ठरवलंय. अधिक महिना संपायच्या आत गाडी चालू करणार. आणि ज्या लोकांसमोर काकांनी तिला भंगार म्हणलं, त्याच लोकांसमोर काकांच्याच तोंडून काढणार की तिला मारलं कोणी. मगच मला शांत झोप येईल.

काकांच्या वाट्याचा लोभ सध्या मोकळा हाय, तोही तूच ठेवून घे.

तुझा,
सर्वेश


लातूर, २६ एप्रिल २०२६

ती. सर्वेशदादास शि. सा. न.

पत्र मिळालं. दानम्मा मॅडमनी ते आधी वाचलं, मग मला दिलं आणि विचारलं, हे काका अजून येतेत का तुमच्याकडं. हाव म्हणलं. त्या नुसत्या हुं म्हणाल्या. म्हणजे आता आपल्या पार्टीत तिघं झालो.

अभ्यास चालू हाय. बारावीची व्हेकेशन बॅच म्हणजे व्हेकेशन सोडून सगळं. इथं पोरी झोपेतसुद्धा बायोलॉजी बडबडतेत.

दादा, मी त्या दिवशी मागच्या सीटवर होते. तू बाहेर होतास, तुला धूर दिसला. मला आत ठकठक ऐकू येत होती, कोणीतरी खालून हातोडी मारल्यासारखी. नवरदेव बजरंगराव तेव्हा चांगलेच वागले हं. ते हळूच म्हणाले, गाडीला काहीतरी चुकीचं पाजलंय. मला वाटलं मजाक करून राहिले. आता कळलं.

पण तू घाई करू नको. तू आत्ता जाऊन भांडलास तर काका म्हणतील, टाकी तुमची, वास तुमचा, बादली तुमची. सटवाजी तर मान खाली घालून उभा राहील, त्याचं पोट त्यांच्या शेतावर हाय. उलट काकांची घाई बघ ना. दुसऱ्याच्या अंगणातल्या गाडीची त्यांना एवढी काय चिंता? गाडी उभी हाय तोवर त्यांचं डिझेल पण उभं हाय. तुकडे झाले की सगळं मिटलं. मला तर वाटतं बाबांना सोडून सगळ्यांना हे दिसून राहिलंय.

माझं ऐक. धोंड्याच्या महिन्यात काका जावयाला बोलवणारच. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, चांदीचं ताट काय, कपडे काय, पुरणाचे धोंडे काय. सिंधुबाई लातूरहून नायगावला भर उन्हात साध्या गाडीत येणार न्हाईत, त्यांचे गुडघे दुखतेत आणि त्यांना मान लागतो. काकांना मोठी, एसीची गाडी लागणार. तू फक्त गाडी चालू कर, धुऊन दारासमोर लाव आणि गप बस. त्यांना मागायला येऊ दे. ज्याला भंगार म्हणलं तेच मागायला येताना त्यांचं तोंड कसं होतं ते मला सविस्तर लिही, मी ते पत्र बायोलॉजीच्या पुस्तकात ठेवणार.

आणि गाडीतल्या त्या जपानी बाईचं काय? दार सरकवलं की गोड आवाजात बोलायची ती. जिवंत हाय का? लहानपणी मला वाटायचं की ती मला नाव घेऊन बोलावते.

आईला नमस्कार, बाबांना नमस्कार, काकांना शिल्लक राहिला तर.

तुझी,
मृण्मयी


नांदेड, १४ मे २०२६

चि. मृण्मयीस अ. उ. आ.

जपानी बाई जिवंत हाय. परत बोलू लागली.

आता सुरुवातीपासून सांगतो, कारण इथं हे ऐकायला कोणी न्हाई. आई म्हणते जेवताना टाकी नको. तू पण हे वाचून कंटाळली तर पुढच्या परिच्छेदावर जा, पण मला लिहू दे. टाकी पूर्ण खाली उतरवली. ईश्वरप्पा मिस्त्रीला बोलावलं होतं, तो म्हणाला ही लई फाजील गाडी हाय, इंजिन उघडावं लागेल, सगळं बदलावं लागेल. त्याला चहा देऊन परत पाठवलं. मग व्हिडिओ बघून बघून मीच. टाकीच्या आत पंप, पंपाला फिल्टर, तो चिकट झालेला. तो नांदेडला मिळत न्हाई, हैदराबादला न्हाई. बाबांचे नैरोबीचे जुने मित्र हायेत ना, त्यांच्या पुतण्याबरोबर आला, त्यांनी वर कॉफीचा पुडा पण पाठवला. पाइप धुतले, इंजेक्टर साफ करून आणले, प्लग चारही काळे झालेले, नवे घातले. मग थोडं पेट्रोल टाकून चावी फिरवली. पहिल्यांदा न्हाई. दुसऱ्यांदा न्हाई. मी तिला शिव्या दिल्या, मग माफी मागितली. मग सुरू झाली, आणि असा पांढरा धूर सोडला की शेजारच्या काकू कपडे काढायला पळाल्या.

बाबा दारात उभे होते. आले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. मग म्हणाले, आवाज बरोबर हाय. एवढंच. मी म्हणलो, मग भंगारवाल्याला न्हाई म्हणून सांगा. ते म्हणाले, बघू.

हे बघू मला सहन होत न्हाई, मृनू. ज्या माणसाची बेइज्जती झाली तोच बघू म्हणतो आणि खुन्नस माझ्या पोटात.

तर तुझं भविष्य खरं झालं. गाडी धुऊन दारात लावली, तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. कोणी सांगितलं माहिती न्हाई, पण नांदेडची गोष्ट नायगावला पोचायला वेळ लागत न्हाई. फोन मला न्हाई, बाबांना केला. म्हणाले, ऐकलं चालू झाली, सर्वेश हुशारच हाय पहिल्यापासून, तर सात जूनला जावयाला आणायचंय लातूरहून, आपली घरचीच गाडी असताना भाड्याची कशाला. घरचीच. भंगार म्हणताना भावाची होती. बाबा हाव म्हणाले. मी पण लगेच हाव म्हणलो, एका अटीवर, की चालवणार मी. बाबा पण यायचेत, काकांनीच आग्रह केला, व्याह्यांसमोर मोठा भाऊ सोबत दिसलेला बरा म्हणून.

आता माझा प्लॅन ऐक. मी टाकी मुद्दाम थोडीच भरून निघणार. परत येताना, गाडीत सिंधुबाई आणि बजरंगराव बसलेले असताना, अहमदपूरच्या पुढं पंपावर थांबणार. आणि काकांना विचारणार की काका, टाकीत काय टाकायचं ते तुम्हीच सांगा, मागच्या वेळी तुम्हीच टाकलं होतं. बस. एवढंच विचारायचं. पेट्रोल म्हणाले तर मागच्या वेळी चुकीचं कोणी पाजलं ते बजरंगरावांना तिथंच कळेल, ते त्या दिवशी आत बसले होते.

मी आरशासमोर हा प्रश्न बोलून बघितला. आवाज शांत ठेवायचाय. राग आला की माझा आवाज बारीक होतो आणि सगळं वाया जातं.

दानम्मा मॅडमना पण सांग, सात तारखेला.

तुझ्या बायोलॉजीच्या पुस्तकासाठी लिहिणारा,
सर्वेश


लातूर, २४ मे २०२६

ती. सर्वेशदादास शि. सा. न.

हे पत्र जरा नीट वाच.

आज रविवार, भेटायचा दिवस. उज्वलाताई आली होती, डब्यात शेंगदाण्याची पोळी घेऊन. दादा, ती लई वाळलीये. मी विचारलं तर आधी काही न्हाई म्हणाली. मग सांगितलं. घरात काही बिघडलं, मिक्सर बंद पडला, नळ गळला, की सिंधुबाई म्हणतेत, तुमच्या नायगावचंच सामान असेल. माझ्या पोराला लग्नात बुलेटवर चढवलं तुमच्या लोकांनी. रोज. ताई म्हणाली, मी त्यांना सांगते की गाडी माधव काकांची (आपल्या बाबांची) होती, माझ्या वडलांची न्हाई. तेवढीच एक पळवाट हाय माझ्याकडं.

मग म्हणाली, मला माहितंय की माधव काका असे न्हाईत. आणि माझ्याकडं बघितलं न्हाई.

आता तू पंपावर ते विचारलंस की ती पळवाट जाईल. मग टोमणा तिच्या सख्ख्या बापावर येईल, म्हणजे तिच्यावरच. मी तिला आपला प्लॅन सांगितला न्हाई. सांगणार होते, पण तिनं डबा उघडून दिला आणि मी खात बसले.

तू म्हणशील मी पलटी मारली. न्हाई मारली. काकांचं ते माईकवरचं बोलणं आठवलं की अजून माझे दात आवळतेत. आपल्या बाबांनी किती दिवस ताईची पळवाट बनून राहायचं? पण ताईनं काय केलं? मला दोन्ही बरोबर वाटून राहिलंय आणि मी दोन्हीकडून चिडून राहिलेय. तूच बघ. तू जे करशील ते मला आधी पटेल आणि मग वाईट वाटेल, एवढं मला आत्ताच माहितंय.

पोळी छान होती. तुझ्यासाठी ठेवणार होते, रूममेटनं खाल्ली.

लोभ हाय, पण आज जरा काळजीत हाय तो.

तुझी,
मृण्मयी


नांदेड, ९ जून २०२६

चि. मृण्मयीस अ. उ. आ.

मी विचारलं.

तुझं पत्र मी लई वेळा वाचलं होतं. नांदेडहून निघतानासुद्धा माझं अर्धं ठरलेलं अर्धं न ठरलेलं होतं. काकांनीच पक्कं करून दिलं. जाताना पुढच्या सीटवर पाय वर करून बसले. लातूरहून बजरंगराव, उज्वलाताई, सगळे बसल्यावर सिंधुबाईंना गाडीतली ती फिरणारी खुर्ची लई आवडली, त्या एसीसमोर पदर धरून बसल्या आणि म्हणाल्या की गाडी तर चांगली हाय, मग लग्नात काय झालं होतं. काका लगेच म्हणाले, माधवदादाकडनं मेंटेनन्स होत न्हाई हो. मीच मागं लागून दुरुस्त करून घेतली. बाबा सगळ्यात मागच्या सीटवर आहेराच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. मी आरशात बघितलं. ते खिडकीबाहेर बघून राहिले होते.

मग मी पंपावर घेतली. इंजिन बंद केलं आणि काकांना विचारलं, आरशासमोर विचारलं होतं तसंच. आवाज बारीक झाला न्हाई.

मागून बजरंगराव पुढं वाकले, त्यांचा श्वास मला मानेला लागला. काकांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं, मृनू. कळलेलं मला दिसलं. कानापर्यंत लाल झाले. मी मनात म्हणलो, झालं, आता निघतं तोंडातून. आणि काकांनी काच खाली केली आणि पंपावरच्या बाईला म्हणाले, डिझेल. फुल्ल कर.

कबूल करायचं न्हाई म्हणून दुसऱ्यांदा डिझेल.

मी थांबवू शकत होतो. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. ज्या टाकीसाठी मी महिनाभर जमिनीवर लोळलो, ती टाकी. पण इंजिन बंद होतं. चावी फिरवली न्हाई तर डिझेल नुसतं टाकीत पडून राहतं, आत जात न्हाई. परत उतरवून धुतली की झालं. हे मला माहिती होतं आणि काकांना न्हाई. म्हणून मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. मनात म्हणलं, वत.

नोझल नीट बसेना, तर ती बाई तोंडाशी धरून सोडू लागली. मग तिचं लक्ष झाकणाच्या आतल्या बाजूला गेलं. ती खिडकीशी आली आणि म्हणाली, दादा, इथं तर पेट्रोल लिहिलंय, थोडं डिझेल गेलं हो आत. सिंधुबाईंनी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. बजरंगरावांनी हळूच विचारलं की मामा, लग्नात पण हेच झालं होतं का. मामा म्हणाले, सासऱ्याला म्हणतेत तसं, आदरानं. त्यांनी असं विचारलं की न्हाई म्हणायला जागाच न्हाई राहिली. काकांचं तोंड उघडलं. खरंच उघडलं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

आणि मागून बाबा बोलले.

म्हणाले, चूक माझी. दयानंदला मीच सांगितलं होतं की डिझेलची हाय. लग्नात पण मीच सांगितलं होतं. वय झालं, लक्षात राहत न्हाई.

मग सिंधुबाई सुटल्या. स्वतःची गाडी काय पितं हे माहिती न्हाई आणि लोकांच्या लग्नात आणता, माझ्या पोराची मिरवणूक घालवली, आता धोंड्याच्या दिवशी पण तेच. पंपावरचे लोक जमले. बाबा खाली उतरून हात जोडून उभे राहिले. काका? काही न्हाई. सिंधुबाईंसाठी पाण्याची बाटली आणली. मग एक काळी-पिवळी जीप थांबवली, आधीच भरलेली, आणि जावयाला, विहीणबाईंना तिच्यात कोंबून नायगावला नेलं. सिंधुबाईंच्या मांडीवर कोणाचं तरी लेकरू. उज्वलाताई जीपच्या मागच्या खिडकीतून बाबांकडं बघून राहिली होती, वळेपर्यंत.

मी आणि बाबा मागं राहिलो. रोडच्या बाजूला एक गॅरेज होतं, तिथं ढकलत नेली, दुसऱ्यांदा. टाकी खोलली. बाबांनी बादली धरली. मी पूर्ण वेळ त्यांच्याशी एक शब्द बोललो न्हाई आणि अजून बोलत न्हाई. मी शिकार दारात आणून ठेवली आणि त्यांनी दोर सोडून दिला. कशासाठी? त्यांना सवय झालीये का हसू करून घ्यायची? तू विचार त्यांना. तुझ्याशी ते खोटं बोलत न्हाईत.

आज लोभ वगैरे काही सुचत न्हाई.

सर्वेश


नांदेड, १७ जून २०२६

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तब्येतीची चौकशी एका ओळीत आणि उलटतपासणी तीन पानं. डॉक्टर व्हायचं सोडून वकील हो.

सर्वेश माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवतो, पाणी देतो, बोलत नाही. त्याचा राग मला समजतो. पण त्याला वाटतं की मी दयानंदला वाचवलं. तुला म्हणून सांगतो.

लग्नात गाडी ठोकायला लागली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला होतो. मला आवाजावरूनच कळलं की हिच्या पोटात डिझेल गेलंय. एवढी वर्षं तिचा आवाज ऐकतोय. त्या वेळी गप बसलो, उज्वलाच्या डोक्यावर अक्षता पडायच्या होत्या. नंतर मी वाट बघितली. मला वाटलं, दयानंद एक दिवस एकटा येईल, दार लावून घेईल आणि सांगेल की दादा, माझ्याकडनं झालं. एवढंच पाहिजे होतं मला. मी विषय बदलून चहा मागवला असता. तो आला, पण भंगारवाला घेऊन आला. त्या दिवशी माझ्या मनातून काहीतरी गेलं. हाव म्हणालो कारण दुसरा शब्द सुचला नाही.

आता पंपाचं. दयानंद त्या क्षणी खरं बोलणारच होता. सर्वेशला त्याचं नुसतं तोंड दिसलं, मी त्याला तो चालायला लागल्यापासून बघतोय. तो पकडला गेला की रडतो. मग सगळे त्याला जवळ घेतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत तो हसत असतो. लहानपणी आमच्या वडलांची सायकल त्यानं विहिरीत घातली तेव्हाही असंच झालं, रडला तो आणि समजूत काढत बसलो मी. पंपावर पण तो रडला असता. सिंधुबाईंनी त्याला पाणी दिलं असतं, जावयानं पाठीवर हात ठेवला असता, आणि नायगाव येईपर्यंत तो पुढच्या सीटवर बसून सगळ्यांना तीच गोष्ट मजेत सांगत असता. सुटला असता तो, बेटा. म्हणून मी त्याच्या आधी बोललो. आता त्याला रडायला जागाच नाही, कारण कोणी काही विचारतच नाही. मी खोटं बोललो हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि उज्वलालाही माहीत आहे. त्याची लेक त्याला आता रोज ओळखून आहे.

तुझ्या आईला वाटतं मी मोठ्या मनाचा आहे. तिला तसं वाटू दे.

भंगारवाल्याला मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. गाडी राहणार. तिचं मला अजून काम आहे.

हे पत्र सर्वेशला दाखवायचं असेल तर दाखव. माझ्या तोंडून त्याला सांगायला मला लाज वाटते.

दूध पीत जा. मनात काही आलं तर मला लिहीत जा, तेवढा लोभ ठेव.

तुझे,
बाबा


नांदेड, १९ जुलै २०२६

चि. मृण्मयीस अ. उ. आ.

बाबांचं पत्र तू पाठवलंस ते वाचलं, परत घडी घातली, आणि बाहेर जाऊन गाडी धुतली. दुसरं काय करावं कळेना. संध्याकाळी मी त्यांना विचारलं की टायरमधली हवा बघू का. ते म्हणाले बघ. तेव्हापासून आम्ही बोलून राहिलो.

तर ते काम काय होतं ते आता कळलं. नायगावच्या बाजाराच्या दिवशी बाबांनी मला गाडी काढायला लावली. पेट्रोल फुल्ल. नवा शर्ट. आम्ही थेट काकांच्या आडत दुकानासमोर नेऊन उभी केली, जिथं गावातला प्रत्येक माणूस येऊन जातो. बाबा खाली उतरले न्हाईत. एसी चालू, पेपर वाचत बसले. काका बाहेर आले, आत चला म्हणाले. बाबांनी अर्धी काच खाली केली, म्हणाले, न्हाई, सहज आलो होतो, तब्येत बरी ना, आणि काच वर. थोड्या वेळानं म्हणाले, चल सर्वेश. परत नांदेड.

पुढच्या बाजाराला पण तेच. त्याच्या पुढच्या बाजाराला पण. लोक काकांना विचारू लागलेत की हेच का ते भंगार, आता तर झकास चालून राहिलंय, काय झालं होतं मग तेव्हा. मी काच खाली ठेवतो, मला ऐकायला आवडतं. काकांना म्हणावं लागतं की न्हाई हो, चांगली गाडी हाय. त्यांच्या तोंडून, भर बाजारात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. उज्वलाताईचा फोन होता आईला. सिंधुबाई आता मिक्सरवरून काही म्हणत न्हाईत, त्यांचा सगळा राग बाबांवर हाय आणि त्यांना ती खुर्ची परत पाहिजे. ताई म्हणाली, मी पप्पांशी बोलत न्हाई. कारण सांगितलं न्हाई तिनं.

काकूंचा पण फोन आला. म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी हे सकाळपासून जेवत न्हाईत, रस्त्याकडं बघत बसतेत, भावजींना सांगा घरी येऊन भांडा पण असं येऊ नका. आईला काही समजलं न्हाई. तिनं सांगितलं की अहो, ते तर प्रेमानं येतेत.

या वेळचं सांगतो. काका स्वतः चहा घेऊन आले, दोन्ही हातात दोन कप, नोकर असताना. वाळलेत, मृनू, गळ्याशी कॉलर मोठी झालीये. बाबांच्या खिडकीशी उभे राहिले. बाबांनी चहा घेतला, पिला, कप परत दिला. तरी काका हलेनात. मग खाली वाकले आणि म्हणाले, दादा, ते लग्नातलं. एवढंच म्हणाले. आवाज फाटला होता, डोळे भरलेले. बाबांना जे पाहिजे होतं तेच होतं ना हे? एकटा येऊन, स्वतःहून. मी बाबांकडं बघितलं.

बाबा म्हणाले, उशीर होऊन राहिलाय, सर्वेश, गाडी काढ. आणि काच वर केली.

मी काढली. आरशात काका रस्त्याच्या मधोमध उभे होते, हातात दोन रिकामे कप, मागून बैलगाडीवाला ओरडून राहिला होता. बाबांनी मागं वळून बघितलं न्हाई. नांदेड रोडला लागेपर्यंत ते हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांना आधी कधी गुणगुणताना ऐकलं न्हाई.

मला वाटायचं या घरात सगळ्यात खुनशी मीच. आज जेवताना बाबांनी विचारलं की पुढच्या बाजाराला जायचं ना. मी तोंडात घास असल्याचं निमित्त केलं. मग ते म्हणाले, मृण्मयीला विचार, ती म्हणेल तसं करू. तर विचारून राहिलो. काकांना तेवढं एक वाक्य पूर्ण करू द्यावं, का अजून काही बाजार गाडी तिथंच उभी करावी, तुला काय वाटतं?

तुझा,
सर्वेश